शेटजींचं एक वाहन

गिऱ्हाइकाला रिकाम्या हाताने परत पाठवणारा दुकानदार मी आमच्या वाशीमकडच्या शिरपुरात एकच पाहिला. ते आमचे शेटजी. देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं कापडाचं दुकान. कोणी भारी साडीला हात लावला की ते विचारायचे, "कोनासाठी?" उत्तर देताना माणूस जरा अडखळला की साडीची घडी घालून फळीवर. "घरी जा, जेवा, झोपा. उद्याबी हेच मन असलं तर या." बरेच जण उद्या यायचे नाहीत. शेटजींना त्याचं काही वाटत नसे. वाटायचं ते त्यांच्या पुण्यातल्या मुलाला.

मी तिथल्या शाळेत शिक्षक. पंचेचाळिशी उलटल्यावर रक्तात साखर निघाली आणि डॉक्टरांनी सायकल चालवायला सांगितलं. शाळकरी वयानंतर सायकलवर बसलो नव्हतो, म्हणजे नवशिक्याच. कितीची घ्यावी हे विचारायला शेटजींकडे गेलो, कारण सत्तरीला टेकलेले शेटजी रोज सकाळी आपल्या काळ्या जडशीळ सायकलवरून मालेगाव रस्त्याने फिरून येत.

"माही घेऊन जा," ते म्हणाले. "आठ-पंधरा दिस चालवा. बूड दुखते का, लाज वाटते का, ते पाहा. मंग पैशाचं बोलू."

बूड दुखलं आणि लाजही वाटली. पण माझा हिशेब वेगळा होता. दुखणंसुद्धा आपलाच गुन्हा मानणारा मी माणूस. बायको वर्षानुवर्षं गोड खाऊ नका म्हणत होती, ते ऐकलं नाही. आता त्याची भरपाई घसघशीत व्हायला हवी, असं वाटे. स्वस्त सायकल घेतली तर सोडून देणंही सोपं. महाग घेतली तर पैशाच्या लाजेने तरी चालवीन. हे मी शेटजींना सांगितलं तेव्हा ते खळखळून हसले. "शरम काही पेट्रोल नाई मास्तर. तिच्यावर गाडी किती दिस चालन?"

तरी मी वाशीमला जाऊन बावीस हजारांची गिअरवाली सायकल हप्त्यांवर आणली. पावसाळा सरेपर्यंत ती ओसरीत भिंतीला टेकली होती आणि बायको तिच्यावर ओले कपडे टाकत होती. एकदा शेटजी चहाला आले. सायकलीकडे बराच वेळ पाहून म्हणाले, "मजबूत हाय. टावेल चांगले पेलते."

त्याच दिवाळीत त्यांचे गुडघे कुरकुरू लागले. चढ आला की उतरून सायकल ढकलायचे. हे ऐकून पुण्याला या म्हणून मुलाचा धोशा वाढला. बायको गेल्यापासून शेटजी घरात एकटे. शेवटी बापलेकांत ठरलं, शेटजींचे हातपाय चालताहेत तोवर त्यांनी शिरपुरात राहायचं. सायकलवरून एकदा जरी पडले तर दुकान बंद करून पुण्याला. शेटजींनी होकार दिला आणि त्यांच्या होकारावर मुलाचाही भरवसा होता.

मी म्हटलं, "शेटजी, माझी गिअरची सायकल घ्या. चढाला गुडघ्यावर जोर येणार नाही."

"जमत नाई. माहं एकच वाहन."

फार पूर्वी एका चातुर्मासात त्यांनी जैन मुनिमहाराजांसमोर व्रत घेतलं होतं. घरात कपडे किती, भांडी किती, वाहन किती, याची मर्यादा आपणच ठरवायची आणि ती ओलांडायची नाही. दोन धोतरजोड्यांपलीकडे तिसरी आली की जुनी एक कुणाला तरी गेलीच. वाहन एक म्हणजे एक. स्कूटर विकली तेव्हा कुठे ती काळी सायकल घरात आली होती.

"मग तुमची मला द्या," मी म्हणालो.

"घरी जातो. जेवतो, झोपतो," शेटजी म्हणाले आणि खरंच दुसऱ्या दिवशी काळी सायकल घेऊन दारात उभे राहिले. अदलाबदल झाली. मला फार हलकं वाटलं. बावीस हजार कुणाच्या तरी कामी आले, असं वाटलं.

वर्षभर ते सायकलवरून न उतरता चढ चढले. मीही त्यांच्या मागे काळी सायकल दामटू लागलो. मग एका सकाळी कोंबडीची पिलं रस्त्यात आली. काळ्या सायकलीचा ब्रेक सगळ्या बोटांनी आवळल्याशिवाय लागत नसे; शेटजींच्या हाताला घाईत अजून तीच सवय. त्यांनी गिअरच्या सायकलीचा पुढचा ब्रेक तसाच आवळला. चाक जागीच थांबलं आणि ते हँडलवरून पुढे गेले. पिलं वाचली. शेटजींचं मनगट सुजलं.

उठून धूळ झटकत ते एवढंच म्हणाले, "कोनाले सांगू नका, असं मी म्हननार नाई."

संध्याकाळी मुलाचा फोन मला आला. "काका, बाबा फोनवर नीट बोलून नाही राह्यले. पडले का?"

शेटजींनी खोटं बोलायला सांगितलं असतं तर बोललो असतो का, कोण जाणे. "पडले," मी म्हणालो.

आठवड्यात मुलगा गाडी घेऊन आला. दुकानातला माल एका व्यापाऱ्याने उचलला. निघताना मी हात जोडले. "शेटजी, मी सायकल दिली नसती तर—"

"तर त्या चढावरच बसलो असतो," ते म्हणाले. "तुमची सायकल सुनेच्या भावाले देल्ली. त्याले मीच सांगतलं, पुढचा ब्रेक हळू दाब." मग गाडीच्या काचेतून माझा हात धरून हलक्या आवाजात म्हणाले, "मास्तर, पोरानं मलेबी विचारलं होतं. तुमच्या आधी. मी म्हटलं, मनगट मुरगळलं. कसं, ते बोललो नाई. लय दिसांनी मले काही तरी जास्तीचं पाह्यजे होतं. गावातले आनखी चार दिस."

गाडी गेली. मी रस्त्याकडेला उभा होतो. शाळेची वेळ झाली होती. काळी सायकल काढून निघालो.