मशेरी बंद झाल्यावर

दुष्काळाच्या साली माझ्या धाकट्या जावेच्या गालाला आतून पांढरा चट्टा आला, मग त्याची जखम झाली. रेशनच्या लाल मिलो ज्वारीची भाकरी तिला पाण्यात कुस्करूनही गिळवेना. सासूबाईंनी औषध म्हणून तव्यावर तंबाखू आणखी काळी भाजून मशेरी करून दिली. मशेरीने तोंड बधिर होतं, ठणका थांबतो, म्हणून जाऊ ती जखमेवरच दाबून धरायची. गावात सगळ्या बाया हेच करत.

शेवटी मी तिला एस.टी.त घालून नगरच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी बॅटरी मारून पाहिलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "मशेरी आजपासून बंद. नाहीतर याचा कॅन्सर होईल."

घरी येताच मी तिची मशेरीची डबी चुलीत रिकामी केली. मला वाटलं, काम झालं.

दुष्काळी कामावर खडी फोडायला जाण्याआधी बाया हौदाच्या कट्ट्यावर मशेरी लावत बसत. बाईमाणसाला दिवसभरात बसायला मिळायचं ते तेवढंच. जाऊ तिथं नुसतीच जाऊन बसली.

"का गं, डबी कुठाय? थोरलीनं कुलपात घातली व्हय?"

"आन् जरा तिकडं सरक बया, लई वास मारतोय तुझ्या तोंडाचा."

सगळ्या हसल्या. जाऊ पुन्हा तिकडे गेली नाही. पुढे ती आमच्यातही जेवायला बसेना. ताट घेऊन गोठ्यात जायची आणि भिंतीकडे तोंड करून कण्या गिळायची. नवऱ्याशी, पोरांशी बोलणंही थांबलं. जखम मात्र भरत होती. मी तिला तोंड उघडायला लावून बघायची.

"बरं होतंय की. आता कशाला रडतेस?"

"आक्का, बरं करून काय करू? बोलू कुनाशी?"

"पोरं आहेत तुला," मी म्हणाले आणि कामाला लागले.

एका सकाळी टँकर आला म्हणून मी हौदावर गेले. जाऊ कट्ट्यावर बायांच्या मधोमध बसली होती. बोट गालाच्या त्याच जागी, हनुवटीवर काळी लाळ. सासूची नक्कल करून दाखवत होती आणि बाया हसून लोळत होत्या. इतक्या महिन्यांत मी तिचा असा मोकळा आवाज ऐकला नव्हता.

मला बघूनही तिने बोट काढलं नाही.

मी घागर भरली आणि घरी येऊन तिच्यासाठी बिनतिखटाच्या कण्या शिजत टाकल्या. जखम आता पुन्हा चिघळणार होती; यापुढे तिच्या घशाखाली तेवढंच जाणार होतं, तेही काही दिवस.