कचऱ्याच्या डब्यांचं घर

आमच्या स्टुटगार्टच्या बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर राहणारा मेक्सिकन आर्किटेक्ट साधी खुर्ची सरकवण्याआधी जितका विचार करायचा, तितका लोक लग्नाआधीसुद्धा करत नाहीत. आमच्या चढाच्या गल्लीत कचऱ्याचे डबे वाऱ्याने गडगडत थेट एस-बानच्या, म्हणजे लोकलच्या, रुळांच्या दिशेने निघायचे, म्हणून अंगणात त्यांना आडोसा बांधायचं ठरलं. ते काम यानं हट्टानं मागून घेतलं. मग आठवडाभर डब्यांसमोर खुर्ची टाकून बसला. काय चाललंय विचारलं, तर गंभीरपणे म्हणाला, “जा, पिवळा डबा अजून बोललेला नाही.”

पुढे ब्रेडच्या कागदी पिशव्यांवर स्केचेस सुरू झाली. पिशव्या संपल्यावर त्यानं माझ्या व्हिसाच्या अपॉइंटमेंटच्या कागदामागे चित्र काढलं. मी तो तसाच ऑफिसात दिला. तिथल्या बाईंनी तो उलटसुलट करून पाहिला आणि छपरावर पाणी साचेल, असं मला बजावलं. मी हे त्याला सांगितलं, तर त्यानं खरंच छपराचा उतार बदलला. मॉडेल मात्र कणकेचं झालं. तेव्हा सांगलीहून माझ्या सासूबाई आल्या होत्या. दोघांना एकमेकांच्या भाषेतलं अक्षरही कळत नव्हतं, तरी त्या त्याला रोज गोळा काढून द्यायच्या. मग त्यानं त्यांना बादली घेऊन अंगणात दहा फेऱ्या मारायला लावल्या आणि मागून खडूनं पावलं आखत गेला. सासूबाई माझ्या बायकोला म्हणाल्या, “त्याला सांग गं, मी नेहमी अशी चालत नाही. आज गुडघा दुखतोय.”

हे कळल्यावर त्यानं आराखड्यातली दारातली पायरी काढून टाकली आणि आत एक बाक घातला, वर एक खिडकी. कचऱ्याच्या खोलीत बाक आणि खिडकी कशाला, हे परवानगी देणाऱ्या साहेबांना समजावण्यात त्याची अख्खी सकाळ गेली.

बांधून झालं त्या दिवशी सासूबाई बादली रिकामी करून बाकावर टेकल्या आणि बराच वेळ उठल्याच नाहीत. तो बाहेर उभा राहून बघत होता. मला हळूच म्हणाला, “नऊ वर्षं इथे दुसऱ्यांच्या नावावर पार्किंगच्या इमारतींचे जिने काढले. हे माझं पहिलं.”

गेल्या वर्षी तो मेक्सिकोला परत गेला. अधूनमधून त्या खिडकीतल्या उन्हाचा फोटो मागतो. मी पाठवला की लगेच विचारतो, आत कोण बसलंय. फोटोत बहुतेकदा कोणीच नसतं. आत्ताच उठून गेले, असं मी कळवतो.