टॅबवर अडकलेला वैशालीचा हात

मंडळी, सकाळपासून जीव थाऱ्यावर नाही, म्हणून इथं लिहितोय.

माझी धाकटी बहीण वैशाली ऐकू-बोलू शकत नाही. ती सासरी लोणारला, मी आणि आई संग्रामपूरला. आमचं बोलणं व्हिडिओ कॉलवर, हाताच्या खुणांनी. मोबाइलवर आईला तिची बोटं नीट दिसत नव्हती, म्हणून गेल्या आठवड्यात स्वस्तातला हाय रिझोल्यूशनचा टॅब घेतला. स्क्रीन झकास आहे, बांगड्यांवरची नक्षीसुद्धा दिसते.

आज वैशालीचा कॉल आला. डोळे भरलेले होते. तिला पाचवा महिना आहे. तिनं पोटाकडे हात नेला आणि चित्र तिथंच अडकलं.

"काऊन थांबून राह्यलं रे हे? काय झालं तिले?" आई घाबरली.

टॅब तापला होता, बंदही होईना. मोबाइलवरून लावलं तर ती बिझी. जावयांचा फोन लागेना. आईनं लोणारला निघायला पिशवी भरायला घेतली.

शेवटी टॅब कसाबसा पुन्हा सुरू झाला आणि कॉल लागला. वैशाली हसत डोळे पुसत होती. खुणेनं तिनं सांगितलं, बाळानं आज पहिल्यांदा लाथ मारली.

आई रडता रडता हसायला लागली. माझ्या डोक्यातून मात्र एकच विचार जात नाही. खरंच काही झालं असतं तर?

तुमच्यापैकी कोणाच्या घरी खुणांनी बोलतात का? लांबलचक कॉलवरही न अडकणारा, आपल्याला परवडेल असा टॅब कोणता वापरता?