फोनताईंची पहिली तक्रार

एकोणीस वर्षं परक्यांची बोलणी खाऊन माणसाचं काय होतं, ते फोनताईंकडे बघून कळायचं. नगरपालिकेच्या तक्रार कक्षात त्या दिवसभर फोन घेत. खोलीला खिडकीसुद्धा नव्हती. एकदा लेक शाळेतून रडत आली, मैत्रिणीशी बिनसल्याचं सांगू लागली, तर ताई भांडी विसळता विसळता म्हणाल्या, “आपली तक्रार नोंदवली आहे.” लेक आधी हसली. मग तिने घरात काही सांगायचंच सोडलं.

पुढे कक्षातला डबे खायचा कोपरा फायलींनी गिळला आणि ताई मागच्या बागेत जाऊ लागल्या. बाग कसली, तीन झाडं, एक बाक आणि जेमतेम गवत. पण तिथे अर्धा तास कुणी काही मागत नसे. पानांची सळसळ ऐकता ऐकता कानातला गोंगाट निवायचा. महिन्याभरात ताई घरी चक्क “मग पुढे?” असं विचारू लागल्या. लेकीच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला तो थांबेचना. ताईंना आकाश ठेंगणं झालं.

आणि एका सोमवारी तिथे पाटी लागली. इथे वाहनतळ होणार, हरकती आज पाचपर्यंत.

ताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. जन्मात तक्रार न केलेल्या या बाईने बाकावरूनच आपल्याच कक्षाला फोन लावला. अंगात भलताच जोर आला होता. फोन शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी उचलला, आवाज ओळखला आणि थट्टा समजून हसल्या. ताई हटल्या नाहीत. ‘अर्जदाराचं नुकसान’ या रकान्यात काही लिहिलं, की साहेबांना जागेवर यावंच लागतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. एकोणीस वर्षं त्यांनीच तिथे ‘नाही’ लिहिलं होतं.

“बरं, नुकसान काय लिहू?”

“लिहा, ही बाग गेली तर माझी मुलगी पुन्हा माझ्याशी बोलायची नाही.”

बाईंनी ते लिहून घेतलं. आता नियमाप्रमाणे ते ठरलेलं वाक्य यायचं.

“मग पुढे?” बाईंनी हळूच विचारलं.

ताई बोलत सुटल्या.

बुधवारी साहेब पाहणीला आले, तर त्यांना बसायला जागा नव्हती. अख्खा कक्ष डबे घेऊन बागेत आला होता आणि मधोमध ताईंची लेक शाळेतली फजिती रंगवून सांगत होती. साहेबांनी ती उभ्याउभ्याच शेवटपर्यंत ऐकली.

पाटी शुक्रवारी निघाली. तिचा खिळा लेकीच्या कंपासपेटीत आहे.