कड्याखालचा यजमान

भोकरदनच्या पुढे एक कडा आहे. तो चढायचा आणि रात्री तिथेच तंबूत राहायचं, म्हणून मी आणि सुधीर शनिवारी गेलो. कड्याखालचं शेत एका म्हाताऱ्याचं होतं. तंबू बघताच त्याने कमरेवर हात ठेवले. "घर असताना पाहुणे कापडात झोपणार?"

नंतर त्याने आमची पाठच सोडली नाही. मी कड्यावर अर्ध्यात लटकलेलो, खाली सुधीरच्या हातात माझा दोर, आणि हा त्याच्या तोंडापुढे चहा धरून उभा. "घ्या भाऊ, थंडा होऊन राह्यला."

"हात मोकळा नाही, बाबा."

"मंग दोर मी धरतो की!"

मी वरून बोंबललो आणि मुकाट्याने उतरून चहा प्यायलो. पुन्हा चढलो, तर पोहे आले. दरवेळी मी त्याच कपारीपाशी पोचायचो.

संध्याकाळी वैतागून स्टोव्ह पेटवला, तर त्याने तो विझवलाच. "माझ्या शेतात पाहुण्यानं हातानं रांधून खाल्लं, तर गावात तोंड कसं दाखवू?"

खुंट्या त्यानेच उपटल्या. तंबू त्याच्या अंगणात लागला.

तिथून कडा फार छान दिसत होता.