काळ्यावर ये, नंद्या

आधीच सांगून टाकतो, म्हणजे प्रतिक्रियांमध्ये कुणी माझी शाळा घ्यायला नको. मी वाळूजच्या एका कंपनीत क्वालिटी डिपार्टमेंटला आहे. समोर येणाऱ्या प्रत्येक पार्टवर संशय घ्यायचा, याचाच मला पगार मिळतो. आमच्या बिल्डिंगमध्ये कुणी लिफ्टपाशी लिंबू-मिरची टाकली तर ती उचलून डस्टबिनमध्ये टाकणारा माणूस मीच. भूत, चकवा, अंगात येणं... यातलं मी काहीही मानत नव्हतो. आजही मानत नाही. तरी हे लिहितोय, कारण एका गोष्टीचा मला काही केल्या उलगडा होत नाहीये.

गोष्ट कळायला आधी माझे मामा माहीत हवेत. ते बिडकीनला राहतात. उन्हाळ्यात नाथसागर धरणाचं पाणी मागं सरकलं की उघड्या पडलेल्या गाळात ते टरबुजं लावायचे, आणि दिवस कलला की उरलेल्या पाण्यात गळ टाकून मासे धरायचे. शाळेला सुट्टी लागली की मी त्यांच्या मागं मागं. पण पाण्यापर्यंत जायचं तर मधला गाळ ओलांडावा लागतो, आणि वरून वाळलेला दिसणारा गाळ आत लापशीसारखा असतो. एकदा तिथं पोटापर्यंत रुतलेली म्हैस मी पाहिली आहे. दोर बांधून ट्रॅक्टरनं ओढली तेव्हा कुठं ती निघाली.

मामांचं सांगणं एकच असायचं – "पांढऱ्यावर चाल, नंद्या. काळ्यावर पाय देऊ नको." भेगा पडलेला पांढरट गाळ वजन पेलतो. काळा, ओलसर गाळ माणूस ओढून घेतो. चालताना ते माझं मनगट धरायचे. हात नाही, मनगट. चिखलानं हात सटकतो म्हणून. आणि 'नंद्या' मला फक्त तेच म्हणतात, बाकी सगळ्यांचा मी नंदू.

दोन-अडीच वर्षांपूर्वी मामांना लकवा मारला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. डॉक्टर, मालिश, स्पीच थेरपी, सगळं झालं. घशातून नुसता आवाज यायचा, शब्द एकही नाही. समजतं सगळं, पण बोलता येत नाही. माझ्यासारख्या बडबड्या माणसाला त्यांच्यासमोर बसणं फार जड जायचं.

आता मुद्द्यावर येतो. गेल्या हिवाळ्यात कंपनीनं मला कॅनडाला पाठवलं, एका कस्टमरच्या प्लांटमध्ये. गाव लहान, थंडी अशी की नाकातला श्वास नाकातच गोठावा. तिथला माझा जोडीदार ग्लेन, पन्नाशीचा, कमी बोलणारा. एका रविवारी तो म्हणाला, "चल, गोठलेल्या तळ्यावर मासे धरायला जाऊ." मी लगेच तयार. घरी मात्र कुणालाच सांगितलं नाही. बर्फावर चालणार म्हटल्यावर आईनं आणि मामीनं फोन करून करून जीव खाल्ला असता.

ग्लेननं तयारी चोख केली होती. दोघांच्या गळ्यात दोरीनं अडकवलेल्या, टोकाला खिळे असलेल्या दोन-दोन मुठी. पाण्यात पडलंच तर त्या बर्फात रोवून स्वतःला वर ओढायचं. एक पहार, पुढचा बर्फ ठोकून पाहायला. एक मोठं गिरमिट, भोक पाडायला. त्यानं पहिलंच भोक पाडून मला बर्फाची जाडी दाखवली, चांगली वीतभर होती. "एवढा असेल तर माणूस चालतो. एकट्यानं फिरायचं नाही, आणि आलो त्याच वाटेनं परत जायचं," असं त्यानं बजावलं. रंगाबद्दल तो काहीच बोलला नाही. त्याच्या दृष्टीनं ते सांगण्यासारखं नसणारच. आपण पाहुण्याला तवा गरम असतो म्हणून सांगतो का?

आम्ही बसलो. सकाळ होती, ऊन स्वच्छ होतं. थोड्या वेळानं ग्लेनच्या लक्षात आलं की आमिषाचा डबा गाडीतच राहिला. मी म्हणालो, मी आणतो. गाडी काठावर समोरच दिसत होती, त्यामुळे एकट्यानं जाण्यात त्यालाही काही वाटलं नाही. पहार घेऊन जा, एवढंच म्हणाला. मी ती घेतली आणि सरळ खांद्यावर टाकली.

येताना बर्फावर भुरभुरीत हिमाचा थर होता. आता वाऱ्यानं तो उडाला होता आणि आमची वाट काळीकुट्ट, काचेसारखी आरपार दिसत होती. खाली पाणवनस्पती हलताना दिसल्या. मी थबकलो. काळं म्हणजे ओलं, ओलं म्हणजे कच्चं... हे माझ्या पायांना लहानपणापासून पाठ. डावीकडं, जिथं एक ओढा तळ्याला मिळत होता, तिथं मात्र पांढराशुभ्र पट्टा होता. वर भेगा, कोरडा, अगदी मे महिन्यातल्या गाळासारखा. एवढ्या परक्या ठिकाणी काहीतरी ओळखीचं दिसल्याचा मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. मी वाट सोडून तिकडं वळलो.

पांढऱ्यावर पाय टाकणार, तेवढ्यात मागून आवाज आला. "काळ्यावर ये, नंद्या."

मामांचा आवाज. आजारपणाच्या आधीचा, खणखणीत, थोडा चिडलेला. परत एकदा – "काळ्यावर ये!"

मी वळून पाहिलं. लांबवर ग्लेन, भोकावर वाकलेला. बाकी सगळा मोकळा बर्फ. मी खांद्यावरची पहार काढली आणि पुढच्या पांढऱ्यावर सहज टेकवली म्हणा ना, जोर लावलाच नाही. ती आरपार गेली. भोकातून पाणी वर आलं आणि पांढऱ्यावर पसरलं. मी तिथंच पालथा झालो आणि सरपटत, अक्षरशः पोटावर, काळ्या बर्फावरून आमच्या वाटेपर्यंत परत आलो. तोपर्यंत ग्लेन धावत आला होता. चांगलाच चिडला.

नंतर त्यानं सगळं समजावलं. काळा, पारदर्शक बर्फ सगळ्यात पक्का. पांढऱ्यात हवा आणि हिम मिसळलेलं असतं म्हणून तो कच्चा, त्यात ओढ्याचं वाहतं पाणी खालून झिजवतं. म्हणजे गाळाच्या बरोब्बर उलट. ते ऐकताना मला थंडीपेक्षा वेगळाच काटा आला.

त्या संध्याकाळी, म्हणजे इकडची सकाळ, मी मामीला फोन लावला. काहीही सांगायचं नाही, फक्त मामा कसे आहेत विचारायचं, असं ठरवूनच. मी तोंड उघडायच्या आत मामीच सुरू झाली.

"अरे नंदू, हे बोलले ना काल! जेवण भरवायलते मी, दूध-भाकर. एकदम साफ बोलले बघ."

"काय बोलले?"

"काय की बाबा! 'काळ्यावर ये, नंद्या' म्हणले. दोनदा. लई जोरात. मी म्हणलं, नंद्या कुठंय इथं, तो तर तिकडं कॅनडात. तर गप झाले, अन् रडायलेत. तू बरा हैस ना रे?"

मी बरा आहे म्हणालो आणि फोन ठेवून बराच वेळ रडलो. दोन्हीकडची वेळ जुळवून पाहिली. मी बर्फावर होतो तेव्हा बिडकीनला रात्रीच्या जेवणाचीच वेळ होती.

ऑफिसातल्या एका मित्राला हे सांगितलं, तर तो म्हणाला, "सबकॉन्शस रे. लहानपणीचं मनात असतं, संकटात वर येतं." मीही दुसऱ्या कुणाला हेच सांगितलं असतं. पण मनात होतं ते 'पांढऱ्यावर चाल'. आठवणीच्या भरवशावर राहिलो असतो तर मी आज त्या तळ्याच्या तळाशी असतो. मामांनी उभ्या आयुष्यात मला काळ्यावर ये म्हटलेलं नाही. त्यांनी गोठलेलं तळं कधी पाहिलेलं नाही. मोबाइलवर तरी कुणी दाखवलं का, तेही मी मामेभावाला खोदून खोदून विचारलं. नाही. आणि आवाज माझ्या कानाचा भास मानला, तरी मामीनं काय ऐकलं?

परत आल्यावर पहिल्याच सुट्टीला बिडकीनला गेलो. मामा खाटेवर उशीला टेकून बसले होते. त्या दिवसानंतर ते पुन्हा एक शब्द बोललेले नाहीत. मी जवळ बसलो आणि हळूच विचारलं, "मामा, तुम्ही तर पांढऱ्यावर चाल म्हणायचात. मग त्या दिवशी काळ्यावर कसं बोलावलंत?"

त्यांचा चालता असलेला डावा हात पुढं आला आणि त्यांनी माझं मनगट धरलं. हात नाही, मनगट. मामीनं चहा आणला तरी सोडलं नाही. त्यांना चहा मामीनं पाजला, मी दुसऱ्या हातानं प्यायलो.

इथं कुणाकडं याचं उत्तर असेल तर जरूर लिहा, मी वाचीन. मी मात्र तेवढ्या एकाच वेळी त्यांना विचारलं. पुन्हा विचारलं नाही.