पह्यला केस मायना

म्हसावदला कुणाच्या पोराचे केस बरोबर कापले आणि कुणाचे चुकले, हे ठरवायचं काम गजराबाईला कुणी दिलेलं नव्हतं. तरी ती ते चाळीस वर्षं करत आली. मी इथली अंगणवाडी सेविका, कामिनी. पोरांचं वजन मी घेते, उंची मी मोजते, दंडाला पट्टी मी लावते. पण पोरगं माझ्या दारात पोचायच्या आधीच त्याच्या डोक्याचा निकाल लागलेला असतो. आमची अंगणवाडी भरते गजराबाईच्याच खोलीत, तिच्या ओट्याला लागून. सकाळी नऊला बाई ओट्यावर वाती वळत बसलेली, आणि गावातली सगळी पोरं तिच्यासमोरून जाणार. सुटका नाही.

निकाल तरी कसले! एका रिक्षावाल्याने पोरीचा हौसेने बॉबकट केला. गजराबाई म्हणाली, "माय वं! कोन मरी गयं तुम्हना घर?" एका पोराने मोबाइलमध्ये बघून कानावरून मशीन मारून घेतलं. "हाऊ मोठा व्हईसन चोर व्हई." आणि एकीने उवा झाल्या म्हणून मुलीचं डोकं भादरलं, तर तिला बघून सगळ्यांसमोर म्हणाली, "चार वरीसनी विधवा देखा वं!" ती पोरगी पुढे दोन महिने अंगणवाडीत आली नाही. मी घरी बोलवायला गेले तर फडकं डोक्याला गुंडाळून खाटेखाली जाऊन बसली.

आणि आमच्या बायकाही धन्य. घरी येऊन गजराबाईला शिव्या घालायच्या आणि संध्याकाळी पोराला धरून पुन्हा चुडामणच्या दुकानात, "आक्काले चालतीन असा काप." चुडामण न्हावी बिचारा कात्री हातात घेऊन विचारायचा, "पोरगं कोनं शे, तुम्हनं का आक्कानं?" पण कापायचा तोही तसंच.

खुद्द गजराबाईचं डोकं मात्र कुणी बघितलेलं नव्हतं. पदर कपाळापर्यंत, कानामागे खोचलेला. खाली तेल इतकं, की उन्हाळ्यात कानशिलावरून ओघळ यायचा. लोक म्हणायचे, जुन्या वळणाची बाई, सासऱ्या-दिरांसमोर पदर पडू दिला नाही कधी. मीसुद्धा म्हणायचे. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, ही म्हण मी पोरांच्या आयांना शंभरदा ऐकवली असेल. ओट्याकडे बघून एकदाही नाही.

गजराबाईचा मुलगा नवनीत मोलगीकडे शाळामास्तर होता. तिथल्या दवाखान्यात रिना सिस्टर होती, पावरा आदिवासी घरातली, डोंगरातली. दोघांनी लग्न केलं आणि बदली घेऊन इकडे आले. गजराबाई तीन दिवस जेवली नाही म्हणे. चौथ्या दिवशी जेवली, कारण रिनाचा पगार नवनीतपेक्षा जास्त निघाला. हे मी मनाचं सांगत नाही, तिचा नवरा हिलालआप्पाच माझ्याकडे बोलला होता. आप्पा आयुष्यात एवढंच बोलला असेल.

मग चंदन झाला. गोरा, गुटगुटीत, आणि डोक्यावर कुरळे केस, बोटात धरून सोडले की परत वर जाणारे. आमच्याकडे पाटलाच्या घरात केस कसे, तर सरळ. आप्पाचे सरळ, नवनीतचे सरळ, आत्या शीलाचे तर कमरेपर्यंत सरळ. गजराबाईने नातवाकडे पाहिलं आणि निकाल दिला, "मायनं सगळं खानदान डोकावर लई उना."

पण तिच्याकडे उपाय होता. "पह्यला केस मायना, दुसरा केस बापना. जाऊळ निंघनं की आपला केस येतीन." हे शास्त्र तिने कुठून आणलं देव जाणे. मी आरोग्याची ट्रेनिंगं केलेली बाई. मी हसायला हवं होतं. मी मान डोलावली.

तिसऱ्या वर्षी जाऊळ ठरलं. आता जाऊळ म्हटलं की पोराला मांडीवर घेणार मामा. पहिली बट मामाच्या मांडीवर कापायची, आत्याने पदरात झेलायची, जमिनीवर एक केस पडू द्यायचा नाही. हे मला नव्याने सांगायला नको, गजराबाईनेच गावाला पाठ करून दिलंय. तिने काय करावं? आपल्या भावाचा पोरगा भिकन, त्याला शहाद्याहून बोलावलं आणि सांगितलं, हा मानलेला मामा. अहो, मानलेला मामा सख्खा नसला तर करतात. रिनाचा सख्खा भाऊ वीरसिंग जिवंत, धडधाकट, आणि त्याला आमंत्रण गेलेलं!

तो आलासुद्धा. पहाटे मोलगीहून जीपने धडगाव, तिथून बस. पांढरा सदरा, पायात नव्या चपला, खांद्यावर आमचूरची पिशवी, आणि कागदात गुंडाळलेली एक लाल टोपी. त्याच्या बायकोने, कालीबाईने, हाताने शिवलेली, काठाला मणी लावलेली. जाऊळ निघालं की मामाने भाच्याच्या डोक्यावर घालायची म्हणून. गजराबाई दारात आली, म्हणाली, "बठा आठेच, वारं शे." पिशवी तेवढी आत नेली. आमचूर घरात गेलं, मामा ओट्यावर राहिला.

आत भिकन मांडी घालून बसला. रिनाने नवनीतकडे पाहिलं. नवनीत मास्तर, वर्गात पोरांना समता शिकवणारा, म्हणाला, "आजच्या दिवस ऐक ना." शेपूटघाल्या मेला! रिना उठली. ती बाहेर आली आणि भावाच्या शेजारी ओट्यावर बसली. आत तिच्या पोराचं जाऊळ निघत होतं, पोरगं "आई आई" करून रडत होतं, आणि ती भावाचा हात धरून बाहेर बसली होती. आम्ही बायका? आम्ही आत होतो. पुरणपोळी छान झाली होती. मी दोन खाल्ल्या.

निघताना वीरसिंग माझ्या दारात थांबला. "बाई, तुमच्याकडे येतो ना पोरगा? ही घाला त्याच्या डोक्याला. ऊन लागेल." मी टोपी घेतली. दुसऱ्या दिवशी घालायचीच होती. पण चंदनच्या आधी गजराबाई दारात उभी, "काल तो मानूस तुन्हाजोडे काय बोली ऱ्हायना व्हता?" मी म्हटलं, काही नाही, बसची वेळ विचारत होता. खोली तिची. टोपी खेळण्यांच्या पेटीत गेली, तळाशी.

दोन महिन्यांनी केस आले. आधीपेक्षा दाट, आधीपेक्षा कुरळे.

आता माणसाने काय करावं? गप बसावं. गजराबाईने पुन्हा भादरलं. "एकदाव बठी गया नही, दुसरांदाव बठतीन." पुन्हा कुरळे. मग तिसऱ्यांदा. रिना ड्यूटीवर गेली की चुडामणला बोलावणं जायचं. रिना आली की घरात भांडण, नवनीत मधे उभा, त्याचं एकच पालुपद, "आई जुनी बाई आहे." गावाला गजराबाई सांगायची, नवस आहे. कुठल्या देवाचा, ते दर वेळी वेगळं. तिच्या त्या तीन सरळ केसांपायी बिचाऱ्या देवांनाही तिने कामाला लावलं.

पोराच्या डोक्याला वस्तरा लागून खपल्या धरल्या. पोरं "टकल्या टकल्या" करत मागे लागायची. मी ओरडायचे पोरांवर. चार वर्षांच्या पोरांवर ओरडायला हिंमत लागत नाही. एकदा मी ओट्यावर जाऊन म्हटलंही, "आक्का, पुरे आता, डोकं नाजूक असतं." ती म्हणाली, "कामिनी, खोली लागस ना तुले?" झालं, माझं आरोग्यशिक्षण तिथेच संपलं.

चंदन शांत पोरगा. खेळण्यांच्या पेटीत हात घालून तासन्‌तास बसायचा. एकदा तळाची टोपी वर काढून म्हणाला, "बाई, हाई टोपी कोनी शे?" मी झटकन घेतली आणि म्हटलं, "कोणाचीच नाही. ठेव."

असं दोन वर्षं चाललं. पाच वेळा भादरलं त्याला.

यंदा आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवशी सहावी वेळ होती. शीला माहेरी आली होती, दुसऱ्या दिवशी तिच्या सासरचे जेवायला येणार होते, त्यांच्यासमोर ते केस नकोत. चुडामण ओट्यावर पाणी, वस्तरा मांडून बसला. शीला बसली, शेजारच्या दोघी बसल्या, गजराबाईची थोरली जाऊ गुलाबबाई, ऐंशीची, काठी टेकत येऊन बसली. मी माझ्या दारात उभी. त्या दिवशी नळ उशिरा आले होते. पहाटे सगळ्यांच्या आधी डोकं धुऊन मोकळी होणारी गजराबाई नुकतीच न्हाऊन आली होती, पदराखाली ओलं फडकं. रिना आज ड्यूटीवरून लवकर सुटेल हे तिला माहीत नव्हतं. रिना पर्स खांद्याला लावून अंगणात येऊन उभी राहिली, तेव्हा चुडामणने पोराच्या डोक्यावर पाणी मारलेलं होतं.

चंदन चुडामणच्या हातातून निसटला. रडला नाही, काही नाही. सरळ गजराबाईकडे धावला, तिच्या मांडीला बिलगला. तोच तर तिच्या कुशीत झोपायचा, मोठमायशिवाय त्याला झोप यायची नाही. तिचा पदर धरून मागे वळून तो चुडामणवर ओरडला, "मोठमायना पह्यले काढा! तिना बी असाच शेतस! ती रोज तेल लाईसन दाबस!"

आणि हिसक्यासरशी पदर खाली आला, फडकंही आलं.

बाई गं! केस बघायचे होते. पांढरे, ओले, आणि कुरळे. कपाळावर, कानावर, मानेवर, बोटात धरून सोडले तर परत वर जातील असे. चंदनच्या डोक्यासारखे हुबेहूब. दोघांची डोकी एकमेकाला लागून होती, आता कुणाला सांगायचं राहिलं नव्हतं.

चुडामण वस्तरा हातात धरून अगदी साध्या आवाजात म्हणाला, "आक्का, कोना काढू?"

गुलाबबाईने काठी आपटली. "गजरे, तुन्ही सासू तुले काय म्हने, इसरनी का? पाटीलना घरमा हाई डोंगरनी कथाईन उनी, म्हने. तेलनी बाटली तिनीच दिन्ही व्हती तुन्हा हातमा." म्हणजे म्हातारीला सगळं ठाऊक होतं. पाच वेळा पोरगं भादरलं जाताना ही समोर बसून सुपारी कातरत होती. एकेक नग आहेत आमच्या गावात.

रिना पुढे आली. आवाज चढवला नाही तिने. म्हणाली, "आई, पहिले केस आईचे, दुसरे बापाचे, असं म्हणत होता ना तुम्ही? मग आजीचे कितवे असतात तेवढं सांगा. तितक्यांदा भादरू."

गजराबाई पदर शोधत होती. पदर तिच्याच पायाखाली होता. शेवटी चंदनने ओढून काढला आणि तिच्या डोक्यावर घालायला लागला, वाकडातिकडा. ती उठली आणि आत गेली. सोळा वर्षांची नवरी असताना तिलाही असंच बोलून बोलून झाकायला लावलं होतं, हे ऐकून मला तिची दया यायला हवी होती. नाही आली. जिला स्वतःला ते दुखणं माहीत होतं, तिने ते पोराला दिलं, हे मला जास्त घाण वाटलं.

रिनाने तिथेच उभ्या उभ्या भावाला फोन लावला. आखाजीला भाऊ बहिणीला न्यायला येतो, दोन वर्षं तो आला नव्हता. दुसऱ्या दिवशी दुपारी वीरसिंग आला. सवयीने ओट्यावरच बसायला गेला. तर हिलालआप्पा, जन्मभर मूग गिळून बसलेला, खुर्ची सोडून उठला, त्याचा हात धरून म्हणाला, "पाव्हनं, घरमा चाला." नवनीत पाणी घेऊन आला. मान खाली. गजराबाई चुलीशी होती, पदर होता डोक्यावर, पण कपाळाजवळ एक बट बाहेर आली होती आणि तिने ती आत खोचली नाही.

मला वाटलं, आता सगळं नीट होतंय, तर आपणही मोकळं व्हावं. मी पेटी उघडली, तळाची टोपी काढली, झटकली आणि घेऊन गेले. वीरसिंगने ती लगेच ओळखली. चंदनला मांडीवर घेतलं, केसांवरून हात फिरवला आणि टोपी डोक्यावर बसवायला गेला. बसेना. कालीबाईने ती तीन वर्षांच्या पोराच्या मापाची शिवली होती. त्याने मागून ओढली, पुढून ओढली. एक मणी तुटून खाली पडला.

"बाई, तेव्हा दिली नव्हती?" त्याने विचारलं. रागाने नाही.

"विसरूनच गेले बघा," मी म्हटलं. "कामाच्या गडबडीत."

चंदनने मामाच्या मांडीवरून माझ्याकडे पाहिलं.

"मामा," तो म्हणाला, "मी बाईले इचारं व्हतं. बाईनी सांगं, हाई टोपी कोनाचीच नही."